बारावं नाव

बास्केटबॉलच्या स्कोअरशीटवर बारा नावं मावतात आणि आमच्या निवड शिबिराला पोरी येतात वीस-बावीस. म्हणजे दरवर्षी आठ-दहा जणींना कुणीतरी सांगावंच लागतं, की या वेळी तू नाहीस. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे मिळून आमचं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. त्याच्या मुलींच्या संघाची व्यवस्थापक म्हणून हे सांगण्याचं काम मी स्वतःकडे घेतलं आहे. नियमात ते कुठे लिहिलेलं नाही. फलकावर यादी लावली की काम झालं, असंच बहुतेक ठिकाणी चालतं.

फलकावरच्या यादीचा अनुभव मला आहे. मी धुळ्याची, देवपूरची. विद्यापीठ १९९० साली निघालं आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत मी कॉलेजला आले. उंची पाच फूट नऊ इंच. आमच्या गल्लीत तेव्हा एवढी उंच मुलगी म्हणजे तिच्या लग्नाची काळजी सगळ्या आळीने करायची. आईलाही ती होती, पण पहाटे पाचला मैदानावर जायला तिने कधी अडवलं नाही. धुळ्याचा एप्रिल-मे ज्यांनी काढलाय त्यांना पाचच का, हे सांगायला नको. आठ वाजता सिमेंटचं कोर्ट बुटांतून तळपाय भाजायला लागायचं. लाकडी बोर्डाची फळी एका कोपऱ्यात उचकटलेली होती, चेंडू घासून गुळगुळीत झालेला. पावसाळ्यात तो हातात ठरायचा नाही.

पहिल्या वर्षी शिबिर झालं. शेवटच्या दिवशी सगळ्यांना घरी पाठवलं आणि यादी नंतर लागेल म्हणाले. यादी लागली ती कॉलेजच्या फलकावर, परीक्षेच्या वेळापत्रकाशेजारी. मी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. माझ्यासोबत पहाटे येणाऱ्या दोघींची नावं होती. का नाही घेतलं, काय कमी पडलं, हे मला ना त्या दिवशी कळलं ना नंतर. विचारायचं कुणाला, हेही ठाऊक नव्हतं. पुढच्या वर्षी माझं नाव आलं, तेव्हाही कारण कळलं नाहीच.

त्याच काळात आमच्याकडे केबल आली आणि भाऊ रात्री-पहाटे अमेरिकन बास्केटबॉल, म्हणजे एनबीए, लावायचा. त्यात लॉस एंजेलिस लेकर्सकडून एक दाढीवाला सेंटर खेळायचा, व्लादे दिवाच. सर्बियातल्या प्रिएपोल्ये नावाच्या गावचा, सात फुटांहून उंच. १९८९ मध्ये लेकर्सने त्याला घेतलं तेव्हा युरोपातून थेट तिकडे जाणारे खेळाडू मोजकेच होते. मला तो आवडला त्याचं कारण त्याची उंची नव्हे. आम्हा सेंटरना शिकवलेलं एवढंच होतं, की रिंगखाली उभी राहा, रिबाउंड घे आणि गार्डकडे दे. दिवाच फ्री थ्रोच्या रेषेजवळ यायचा, रिंगकडे पाठ करून चेंडू घ्यायचा आणि क्षणभर थांबायचा. त्या क्षणात बाजूने कुणीतरी कापत आत शिरायचं आणि चेंडू त्याच्या हातात पडलेला असायचा. गोल करणाऱ्याच्या नावावर गुण लागायचे, पण डाव दिवाचने रचलेला असायचा. मी आणि आमच्या गार्डने हे पाठ केलं. ती चोपड्याकडची, चपळ, बोलायला एकदम फटकळ. मी रेषेवर आले की ती लांबूनच ओरडायची, "हां, दे!" विद्यापीठाकडून खेळलेल्या वर्षांतले माझे सगळ्यात सुखाचे क्षण त्या पासचेच आहेत.

१९९६ च्या उन्हाळ्यात लेकर्सने दिवाचला शार्लट हॉर्नेट्सकडे देऊन टाकलं आणि बदल्यात शाळा नुकताच संपवलेला एक मुलगा घेतला, कोबी ब्रायंट. आज हा सौदा लेकर्सच्या शहाणपणाचा दाखला म्हणून सांगितला जातो, आणि तो शहाणपणाचा होताच. पण दिवाचला लॉस एंजेलिस सोडायचं नव्हतं. खेळणंच सोडतो, असं तो म्हणाला होता. ते त्याने खरं केलं असतं तर कोबी लेकर्सचा झाला नसता. शेवटी तो शार्लटला गेला, तिथून सॅक्रामेंटो किंग्जकडे, आणि त्या संघाला त्याने नाव मिळवून दिलं. त्या सौद्याची बातमी मला एका जुन्या इंग्रजी अंकात उशिरा सापडली. एवढ्या मोठ्या खेळाडूलाही एक दिवस 'तू इथला नाहीस' ऐकावं लागतं, याचा मला त्या वयात फार धक्का बसला होता.

युरोपात खेळाडूने पुढे कारभार हाती घेणं नवं नाही. इटलीचा दिनो मेनेगिन त्यांच्या महासंघाचा अध्यक्ष झाला, लिथुआनियाचा अर्विदास साबोनिसही. दिवाचने तर खेळत असतानाच, २००० साली, मित्र प्रेद्राग दानिलोविचसोबत बेलग्रेडच्या पार्टिझान या आपल्या जुन्या क्लबची सूत्रं घेतली. २००५ मध्ये तो निवृत्त झाला, २००९ मध्ये सर्बियाच्या ऑलिंपिक समितीचा अध्यक्ष झाला आणि २०१५ मध्ये किंग्जचा जनरल मॅनेजर. किंग्जचे प्रमुख मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले, जुहूत वाढलेले.

आमच्याकडची वाट वेगळी. खेळ संपला की रेल्वे, पोलीस, नाहीतर बी.पी.एड., एम.पी.एड. करून शाळा-कॉलेजात. मी तिसरी वाट धरली आणि जळगावच्या एका कॉलेजात फिजिकल डायरेक्टर झाले. विद्यापीठाचा संघ पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला निघतो तेव्हा त्याच्यासोबत एक प्रशिक्षक आणि एक व्यवस्थापक जातो. प्रशिक्षक खेळाचं बघतो, बाकी सगळं व्यवस्थापकाचं. पात्रता अर्ज, त्यावर प्राचार्यांची सही आणि शिक्का, वयासाठी दहावी-बारावीची प्रमाणपत्रं, रेल्वेचं आरक्षण, भत्त्याचा हिशेब. जर्सीचे दोन संच, एक फिका आणि एक गडद, कारण कार्यक्रमपत्रिकेत ज्या संघाचं नाव आधी त्याने फिका घालायचा. रात्री उशिरा सामना संपतो, सकाळी पुन्हा तोच रंग हवा असतो. मग वसतिगृहाच्या न्हाणीत बारा जर्स्या धुवायच्या, पिळायच्या आणि पंख्याखाली दोरी बांधून वाळत घालायच्या. पोरी त्यात आनंदाने हात घालतात. संघ एक होतो तो मला वाटतं तिथेच.

पण त्याच्याही आधीचं काम गावोगाव असतं. एका मुलीच्या वडिलांना भेटायला मी रावेर तालुक्यात गेले होते. केळीची कापणी चालू होती, ट्रक भरत होता. मी आप्पा म्हणून हाक मारली, स्पर्धा समजावली, सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मॅडम, पोरगी परत कव्हा येईन? अन् ठेसनावर कोन राहीन?" मी म्हटलं, मी राहीन. त्यावर ते ट्रककडे गेले आणि केळीचा एक घड आमच्या गाडीत ठेवायला लावला. होकार मिळाला, असं मी धरलं आणि ते बरोबर होतं.

सामना सुरू झाला की व्यवस्थापकाच्या हातात काही उरत नाही. टाइमआउट मागायचा अधिकार प्रशिक्षकाचा. मी बेंचवर बसते, पलीकडच्या सेंटरचा डावा खांदा आधी वळतो हे मला दिसतं, आणि मांडीखाली हात दाबून मी गप्प राहते. हे अजूनही जड जातं.

४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ ला मुंबईत, वरळीच्या एनएससीआय डोममध्ये, सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स खेळले. एनबीएचे भारतातले ते पहिले सामने. महिनाभर आधीच दिवाच स्प्रिंगफिल्डच्या हॉल ऑफ फेममध्ये दाखल झाला होता आणि किंग्ज हा त्याने बांधलेला संघ होता. पहिला सामना शाळकरी मुलांसाठी राखून ठेवलेला, तो पेसर्सने जादा वेळेत १३२-१३१ असा जिंकला. दुसऱ्याची तिकिटं भाच्याने काढली आणि मी जळगावहून रात्रीची गाडी धरली. पेसर्सकडून डोमांटास साबोनिस खेळत होता. १९८८ च्या सोल ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात याच्या वडिलांच्या सोव्हिएत संघाने दिवाचच्या युगोस्लाव्हियाला हरवलं होतं. एकतीस वर्षांनी एकाचा मुलगा आणि दुसऱ्याने निवडलेली पोरं वरळीत समोरासमोर उभी होती. किंग्ज १३०-१०६ असे हरले. माझी नजर मात्र चेंडूवरून सारखी बेंचवर जात होती. शेवटच्या खुर्चीवरची पोरं किती वेळा उठतात, पाणी कोण देतं, आत न गेलेला खेळाडू टाळ्या वाजवतो का. खेळाडू म्हणून मी असं कधी पाहिलं नव्हतं.

दिवाचचं नाव आज निघतं ते बहुधा एका चुकीसाठी. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, दुसरी निवड किंग्जची होती. युरोलीग जिंकून तिथला सर्वोत्तम खेळाडू ठरलेला लुका दोन्चिच उपलब्ध होता आणि दिवाचने मार्व्हिन बॅगलीला घेतलं. दोन्चिच पुढे कुठल्या कुठे गेला, बॅगलीला किंग्जने २०२२ मध्ये दुसऱ्या संघाला देऊन टाकलं. निवड चुकली यात वाद नाही. पण दोघेही एकोणीस वर्षांचे होते, आणि संघात चेंडू हाताळायला डीॲरन फॉक्स आधीच होता. एकोणीस वर्षांच्या मुलामुलींची निवड दरवर्षी करणाऱ्या माणसाला त्या चुकीवर हसू येत नाही.

मला जास्त खटकतं ते दुसरं. फेब्रुवारी २०१७ मध्ये किंग्जने आपला सगळ्यात मोठा खेळाडू डिमार्कस कझिन्स न्यू ऑर्लिन्सला दिला. ऑल-स्टार सामन्याच्या रात्रीच ती बातमी फुटली. सौदा करणं व्यवस्थापकाचं कामच आहे, आणि त्या बदल्यात आलेला बडी हील्ड चांगला निघाला. पण १९९६ चा उन्हाळा अंगावर काढलेल्या माणसाकडून माझी अपेक्षा अशी होती, की कझिन्सला जगाआधी, शांतपणे, समोर बसवून सांगितलं जाईल. व्यवस्थापनात खेळाडू यावा असं आपण म्हणतो ते यासाठीच ना? ऑगस्ट २०२० मध्ये दिवाचने राजीनामा दिला. त्याच्या काळात किंग्ज एकदाही प्लेऑफमध्ये पोचले नाहीत. तरीही तो मला आवडतो, आणि ही एक गोष्ट त्याने वेगळी करायला हवी होती असंही वाटतं.

आमच्याकडे आता यादी लागण्याआधी मी प्रत्येकीला एकटीला बोलावते. प्रशिक्षकांच्या टिपणांची वही सोबत असते. डाव्या हाताचा लेअप होत नाही, चौथ्या क्वार्टरला दम संपतो, बचावात चेंडूकडे बघतेस आणि माणूस सोडतेस. कुणी रडतं, कुणी मान डोलावून पळतं. धुळ्याची एक सेंटर होती, तेराव्या नंबरवर. बाराव्या जागेसाठी आम्ही तिच्याऐवजी एक गार्ड घेतली, कारण आमच्या दोन गार्ड दुखापतीतून उठत होत्या. मी तिला तेच सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे माझं काहीच चुकलं नाही?" मी म्हटलं, नाही. "मग हे जास्त वाईट आहे, मॅडम," असं म्हणून ती उठली आणि बॅग घेऊन एसटी स्टँडकडे निघून गेली.

त्यानंतर ती माझ्याशी बोलत नाही. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत भेट होते तेव्हा आमच्या प्रशिक्षकांना नमस्कार करते आणि माझ्यासमोरून निघून जाते. यंदा तिचं कॉलेज उपांत्य सामन्यात हरलं, पण त्या सामन्यात रेषेवर चेंडू घेऊन तिने दिलेले पास मी पाहिले. शिबिराच्या यादीत तिचं नाव मी घातलं आहे. पत्र कॉलेजला गेलं आहे, आणि तिच्या घरी फोन मी उद्या करणार आहे.