कचऱ्यावर उगवलेले रान

धारावी म्हटले की डोळ्यांपुढे येतात त्या अरुंद गल्ल्या, चामड्याचे कारखाने आणि दहा बाय दहाच्या खोल्या. पण याच धारावीला लागून, मिठी नदीच्या काठी, सुमारे ३७ एकरांचे रान उभे आहे. त्याचे नाव महाराष्ट्र निसर्ग उद्यान. मुंबईत जन्म गेलेल्या आपल्या अनेक कुटुंबांनी ते अजून पाहिलेले नाही.

येथे पूर्वी मुंबईचा कचरा पडत असे. गावात आपली वस्ती कुसाबाहेर, आणि शहरात आलो तर शेजाराला कचऱ्याचे डोंगर! साऱ्या शहराची घाण उचलायची आपल्या माणसांनी आणि तिची दुर्गंधी सोसायचीही आपल्याच मुलाबाळांनी. पुढे कचरा टाकणे थांबले आणि त्या ढिगावर माती पसरून झाडे लावण्याचे काम सुरू झाले. १९८३ साली पहिले रोप लावले ते पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली यांनी. १९९४ साली हे उद्यान जनतेसाठी खुले झाले.

फुलांचे ताटवे आणि कारंजी पाहण्याची हौस असेल तर येथे निराशा होईल. हे खरेखुरे रान आहे. गळलेला पाचोळा जागच्या जागी कुजतो, त्याची माती होते, तीत किडे-गांडुळे येतात आणि त्यांच्या मागोमाग पक्षी. फुलपाखरे तर पावसाळा सरता सरता भरपूर दिसतात.

नदीच्या बाजूला तिवरांची झाडे आहेत. खाडीच्या चिखलात मुळांना हवा मिळत नाही, म्हणून तिवराची मुळे पेन्सिली रोवाव्यात तशी चिखलातून वर येतात आणि श्वास घेतात. हीच झाडे काठ धरून ठेवतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी घराघरांत शिरली. नदीचे पात्र भराव घालून आवळले, तिवरे तोडली, की पाणी जाणार कुठे? ते आधी शिरते खालच्या वस्तीत, म्हणजे आपल्याच घरात.

आपल्या परंपरेत बागेला मोठे स्थान आहे. राजा बिंबिसाराने तथागतांच्या संघाला वेळुवन दिले, अनाथपिंडिकाने श्रावस्तीचे जेतवन दिले. पालीत 'आराम' म्हणजे बाग. संघाराम हा शब्द त्यातूनच आला. आठवडाभर राबणाऱ्या आपल्या आयाबहिणींच्या वाट्याला या शब्दाचा कोणताच अर्थ फारसा येत नाही, ही गोष्ट वेगळी.

धारावीच्या पुनर्विकासाची चर्चा सुरू झाली तेव्हा या रानाचे काय होणार, अशी चिंता अनेकांना वाटली. २०२३ साली प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला. उद्यान पुनर्विकासात धरलेले नाही, असे तेथे सांगण्यात आले. चांगलेच झाले. तरीही लक्ष ठेवले पाहिजे. १९२७ साली बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायले, ते सार्वजनिक जागेवर आपलाही हक्क आहे हे बजावण्यासाठी. ज्या सार्वजनिक जागेकडे आपण फिरकतच नाही, ती उद्या गेली तर हाक कोण देणार?

शीव स्थानकावरून उद्यान फार लांब नाही. निघण्यापूर्वी वेळ आणि प्रवेशशुल्क यांची चौकशी करावी. सकाळी लवकर गेल्यास पक्षी दिसतात. पाण्याची बाटली बरोबर न्यावी आणि रिकामी झाली की परत आणावी. त्या जमिनीने पुष्कळ कचरा पोटात घेतला आहे. मुलांना पिंपळ, वड, उंबर यांची पाने ओळखायला लावा. आणि जमल्यास ओहोटीची वेळ साधा, म्हणजे तिवरांची ती मुळे त्यांना नीट पाहता येतील.