बँकॉकची दैनंदिनी (भाग दुसरा): सकाळ देवांची, दुपार दुकानांची

शुक्रवार

सकाळीच स्कायट्रेनने सफान ताकसिनला उतरलो. स्टेशनाखालीच चाओ फ्राया नदीचा धक्का आहे. पर्यटकांच्या महागड्या बोटींची जाहिरात जोरात चालली होती. आम्ही नोकरदारांच्या गर्दीत शिरून नारिंगी झेंड्याची साधी बोट धरली. घाईचं कारण ऊन. राजवाडा साडेआठला उघडतो आणि अकरानंतर त्या फरशीवर सासूबाईंना उभं करणं शक्य नव्हतं.

वाटेत एका अगत्यशील गृहस्थाने अडवलं. ‘आज सकाळी राजवाडा बंद आहे, तोवर टुकटुकने फिरून या,’ म्हणाला. ही इथली जुनी थाप. ती फेरी हमखास रत्नांच्या नाहीतर सूट शिवणाऱ्याच्या दुकानात संपते. आम्ही हसून पुढे झालो. राजवाड्याचं दार अर्थातच उघडं होतं.

पहिल्या राम राजाने १७८२ साली राजधानी नदीच्या या काठावर आणली आणि वाड्याचं बांधकाम सुरू केलं. आजही प्रत्येक राजा ‘राम’ म्हणूनच ओळखला जातो. तिकीट ५०० बाथ. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. आतल्या मंदिरातला पाचूचा बुद्ध प्रत्यक्षात हिरव्या जेड दगडाचा. उंची जेमतेम ६६ सेंटिमीटर, पण उन्हाळा, पावसाळा आणि थंडी अशी वर्षातून तीनदा त्याची वस्त्रं बदलली जातात, आणि हा मान राजाचा. देवाला ऋतूप्रमाणे पोशाख हे ऐकून सासूबाईंना एकदम घरचं वाटलं.

त्या खऱ्या रमल्या त्या भोवतीच्या ओवरीत. भिंतभर रामकिएन, म्हणजे थाई रामायण रंगवलं आहे. दशकंठ ओळखू आला, सेतूही सापडला. मात्र इथला हनुमान रसिक आहे. सेतू बांधताना त्याची रावणाच्या मत्स्यकन्येशी गाठ पडते आणि त्यांना मुलगाही होतो.

‘अगं, आपला मारुती ब्रह्मचारी. हे काय भलतंच!’ सासूबाई म्हणाल्या.

‘आजी, आपल्याकडे मकरध्वज आहे की,’ लेक म्हणाली.

‘तो घामाच्या थेंबापासून झाला!’

हा वाद वाट फो मंदिरापर्यंत चालला. तिथला ४६ मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध समोर आला तेव्हा दोघी गप्प झाल्या. त्याच्या तळपायांवर शिंपल्याच्या जडावात १०८ शुभचिन्हं आहेत. दुपार एसी मॉलमध्ये, पाय लांब करून.

शनिवार

चातुचक बाजार. कपडे आणि भेटवस्तूंची सगळी दुकानं शनिवार-रविवारीच उघडतात, म्हणून सहलीचे वार त्याप्रमाणेच धरले होते. सुमारे १५ हजार गाळे, २७ विभाग. ‘नंतर परत येऊन घेऊ’ हे वाक्य इथे निरुपयोगी आहे, कारण ते दुकान पुन्हा सापडत नाही. चुकामूक झाली तर मधल्या घड्याळाच्या मनोऱ्याखाली भेटायचं ठरवून घेतलं.

घासाघीस कॅल्क्युलेटरवर होते. विक्रेती आकडा टाइप करते, आपण आपला टाइप करायचा, आणि दोघांनीही हसायचं. इथे आवाज चढवला की भाव उतरत नाही, उलट बोलणीच थांबतात. तुळशीबागेत तयार झालेल्या माझ्या आवाजाला ही सवय लागायला वेळ लागला. लेकीने हत्तीच्या नक्षीच्या सैल विजारी घेतल्या, नवऱ्याने करवंटीतलं नारळाचं आइस्क्रीम दोनदा खाल्लं. बुद्धमूर्ती कुणीच घेतली नाही. ती देशाबाहेर न्यायला ललित कला खात्याचा परवाना लागतो.

रविवार

प्रातुनाममधला प्लॅटिनम मॉल. तयार कपड्यांचा घाऊक बाजार, पण गारव्यात. एका नगाचा भाव वेगळा, तीन घेतले की कमी. बहिणी, जावा, मैत्रिणी यांच्यासाठी एकदम घ्यायचं असेल तर हीच जागा. मापं मात्र लहान असतात, तेव्हा आकड्यावर न जाता अंगाला लावून पाहावं.

संध्याकाळी चालत एरावानच्या चौकात गेलो. भर वाहतुकीत चतुर्मुख ब्रह्मदेव, झेंडूच्या माळांनी झाकलेला. शेजारचं हॉटेल बांधताना अडचणी येत होत्या, म्हणून १९५६ मध्ये तो बसवला. आपल्याकडे ब्रह्मदेवाची देवळं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. इथे त्याच्यापुढे दर्शनाला गर्दी असते.

सोमवार

जेवणाचा प्रश्न रोजचाच होता. भाजीतही माशांचा सॉस पडतो. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत ‘जे’ लिहिलेलं असलं की तिथे मांसमासे नसतात, कांदा-लसूणही नसतो. सासूबाईंनी ते अक्षर पाठच केलं होतं. तरी आज फाहुरातला, इथल्या छोट्या हिंदुस्थानात, पोळी-भाजी आणि चहा मिळाल्यावर त्यांचा चेहरा खुलला. सोनेरी घुमटाच्या गुरुद्वाऱ्याभोवती कापडाच्या ठाणांची दुकानं आहेत. साड्यांच्या शेजारीच थाई नर्तकींचे जरीचे पोशाख टांगलेले.

तिथून चालत साम्पेंगची गल्ली. बटणं, लेस, मणी, खोट्या दागिन्यांची पाकिटं, सगळं डझनाच्या हिशेबात. दोन माणसं कशीबशी जातील अशा वाटेतून माल लादलेल्या मोटरसायकली घुसतात. सासूबाईंनी रुखवताच्या कामासाठी मण्यांची पाकिटं घेतली आणि कॅल्क्युलेटरवर स्वतः आकडा टाइप करून भाव पाडला.

चार वयांची माणसं घेऊन जाणार असाल तर हिशेब सोपा ठेवा: सकाळी देवळं आणि नदी, दुपारी एसी, ऊन उतरल्यावर रस्ते. वस्तू एक-दोनच हव्या असतील तर चातुचक, कपडे गठ्ठ्याने हवे असतील तर प्रातुनाम, शिवणकामाचं सामान हवं तर साम्पेंग. मोठ्या दुकानातून एका दिवसात किमान २००० बाथची खरेदी झाली तर पासपोर्ट दाखवून करपरतीचा फॉर्म तिथेच भरून घ्या, आणि खरेदी मोठी असेल तर विमानतळावर बॅगा देण्याआधी कस्टम्सचा शिक्का घ्या. पुढच्या भागात आगगाडीने अयुथयाला.

(क्रमशः)