शहाबादी फरशी

घराची डागडुजी काढावी आणि नेमकी त्याच वेळी जगात कोठेतरी युद्धाची आग भडकावी, असा योग माझ्या वाट्यास दोनदा आला.

त्यांपैकी दुसरा प्रसंग अलीकडचा. २०२२ सालच्या फेब्रुवारी महिन्यात आम्ही घराला रंग देण्याचे काम काढले होते. रंगारी भिंती घासत होते. सारे सामान खोलीच्या मधोमध रचून त्यावर जुन्या चादरी घातल्या होत्या. २४ फेब्रुवारीस रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्याची वार्ता आली आणि टीव्हीवर पडलेली घरे दिसू लागली. खारकीव्ह शहरातील माणसे मुलाबाळांसह भुयारी रेल्वेच्या स्थानकांत आश्रयास गेली होती. माझी बारा वर्षांची नात ते पाहत होती. रंगांच्या नमुन्यांचा कागद बाजूस ठेवून ती म्हणाली, "आजोबा, तिकडे लोकांची घरे पडत आहेत आणि आपण भिंतीला पिवळा रंग द्यावा की निळा, यावर वाद घालतो आहोत. हे बरे दिसते का?"

तिला काय सांगावे, हे मला चटकन सुचेना. परंतु हाच प्रश्न आमच्या घरात पूर्वीही एकदा निघाला होता, याची मात्र आठवण झाली.

ते १९७१ साल होते. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. सातारा जिल्ह्यातील आमच्या गावात पुष्कळ घरांतील एखादा तरी मुलगा सैन्यात असे. माझे धाकटे काकाही सैन्यात होते. त्या वर्षी पूर्व बंगालमधून सुमारे १ कोटी निर्वासित भारतात आले. त्यांच्या साहाय्यासाठी नोव्हेंबरपासून टपालाच्या पाकिटावर ५ पैशांचे जादा तिकीट लावावे लागे. मामांच्या पाकिटावर ते मीच चिकटवीत असे. दूरच्या माणसांचे दुःख आमच्या घरात प्रथम आले, ते त्या इवल्याशा तिकिटाच्या रूपाने.

आमच्या घराची जमीन मातीची होती. ती शेणाने सारवीत. पावसाळ्यात तिला ओल येई आणि आजीचे गुडघे धरत. म्हणून वडिलांनी दिवाळीनंतर शहाबादी फरशी घालण्याचे ठरविले. बैलगाडीतून फरशा आल्या. गवंड्याने जुनी जमीन उकरली, मुरूम पसरला आणि तो धुम्मसाने ठोकून घट्ट केला. पाच-सहा फरशा बसल्या असतील नसतील, तोच ३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या विमानतळांवर हल्ले केले. युद्धास तोंड लागले.

दुसऱ्या दिवशी गवंडी आला, तेव्हा वडील त्याला म्हणाले, "काही दिवस काम राहू द्या. माझा भाऊ तिकडे लढाईत आणि आम्ही इथे फरशी घालीत बसावे, हे मनाला पटत नाही."

आजी चुलीपाशी होती. ती हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "अरे, आपले काम थांबवून तिकडची लढाई थांबणार आहे का? तो रजेवर येईल, तेव्हा त्याने या उकरलेल्या मातीत बसायचे का?" मग ती गवंड्याकडे वळली. "तुम्ही दोरी लावा, बाबा."

काम पुन्हा सुरू झाले. दिवसभर गवंड्याचे ठोके ऐकू येत आणि संध्याकाळी आकाशवाणीच्या बातम्या. आमच्याकडे रेडिओ नव्हता. आम्ही सारे पलीकडच्या घरी जाऊन तेथील खडबडीत ओसरीवर बसत असू. त्या घरचा मुलगाही सैन्यात होता. मागील रजेत त्यानेच तो रेडिओ आणला होता. बातम्यांतील गावांची नावे आजीला कळत नसत; तरी ती शेवटपर्यंत हलत नसे. एका रात्री मला जाग आली. कंदिलाच्या मंद उजेडात आजी अर्धवट घातलेल्या फरशीवर एकटीच बसली होती. तिचे ओठ हलत होते. ती रोज काम पुढे का रेटते, हे मला त्या रात्री थोडेसे उमगले.

१६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली. गावात साखर वाटली गेली. पण त्यानंतर चौथ्या दिवशी पलीकडच्या घरी तार आली. त्यांचा मुलगा रणांगणावर कामी आला होता. त्याचे मूल अवघे सात महिन्यांचे होते.

आमच्या घरातील ठोके थांबले. त्या वेळी मात्र आजीनेच काम थांबविले. कित्येक दिवस ती शेजारीणबाईंजवळ जाऊन बसत असे. पुढे काम पुरे झाले आणि काही फरशा उरल्या. आजी गवंड्याला घेऊन पलीकडे गेली. शेजारीणबाई क्षीण स्वरात म्हणाल्या, "आता कशाला हे?"

आजी म्हणाली, "तुमचा नातू आता रांगायला लागेल. त्याचे गुडघे सोलवटायला नकोत."

शेजारीणबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी ओसरीवरचा पाट तेवढा उचलून बाजूला ठेवला.

काका पुढच्या उन्हाळ्यात रजेवर आले. घरातील नव्या फरशीकडे त्यांनी क्षणभर पाहिले आणि ट्रंक खाली ठेवून ते तडक पलीकडच्या घरी गेले. त्या ओसरीच्या फरशीवर एक मूल भिंतीला धरून उभे राहू पाहत होते.

ही हकिकत ऐकून माझी नात बराच वेळ गप्प राहिली. मग तिने विचारले, "आजोबा, तिकडच्या मुलांच्या ओसरीवर कोण फरशी घालील?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ तेव्हा नव्हते, आजही नाही. परंतु ज्या घरात असा प्रश्न विचारला जातो, त्या घराच्या भिंती रंगविण्यात मला काही गैर वाटत नाही. दुसऱ्या दिवशी रंगारी आले, तेव्हा तिनेच त्यांना पिवळ्या रंगाचा डबा काढून दिला.