चाकांवरचं बिऱ्हाड

आमच्या घरात फिरायला जाणं म्हणजे बिऱ्हाड हलवणं. पीठ, पाण्याचे हंडे, अंथरुणं, बैलांचा कडबा आणि म्हातारी माणसं, सगळं गाडीत चढायचं. दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते. दोंडाईच्याकडच्या आमच्या गावाहून गाड्या आदल्या रात्रीच निघत. तापीकाठी बैल सोडायचे, धुरा दगडांवर टेकवायची, वर ताडपत्री ओढायची. गाडीत आजी, गाडीखाली आम्ही पोरं.

घोड्यांचा बाजार हे मोठ्यांचं वेड. आमची ओढ नावेकडे. तेव्हा हिवाळ्यात नदीचं निम्मं पात्र वाळूचंच असे. भोई बांबूने नाव रेटत डोहापर्यंत फिरवून आणायचा. आता बॅरेजमुळे पाणी काठाला टेकलेलं असतं. यात्रेला चेतक फेस्टिव्हलची जोड मिळाली, तंबूंची वसाहत उभी राहते, लोक लाइफ जॅकेट घालून बोटीत बसतात.

पुढे बैल विकले, चारशे सात टेम्पो आला. मी नोकरीला जळगावला; म्हणून महाशिवरात्रीला टेम्पो चांगदेवला जाऊ लागला. तिथे पूर्णा तापीला मिळते आणि हतनूर धरणाचा फुगवटा संगमापर्यंत पसरलेला असतो. हौद्यात सतरंजी, काठावर तीन दगडांची चूल, कळण्याची भाकरी आणि भरीत. नावेतून परतलेल्या माणसांना याहून काही लागत नाही.

गेल्या हिवाळ्यात अमेरिकेहून परतलेला भाचा व्हॅन घेऊन आला. आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी. तिकडे ग्लेन कॅनियन धरणामागच्या लेक पॉवेलवर त्याने बोट चालवली होती; भोवती तांबड्या खडकांचं वाळवंट. ‘‘मामा, आपल्याकडे असलं काय आहे?’’

सकाळी त्याला सारंगखेड्याला बोटीत बसवलं आणि दुपारी धुळ्याच्या माळावर नेलं. तिथे काळ्या दगडांच्या लांबच लांब भिंती उभ्या आहेत, बहुतेक पूर्व-पश्चिम. पडक्या तटासारख्या दिसतात, पण गवंड्याचा हात त्यांना लागलेला नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांत शिलारस शिरला आणि तिथेच थिजला. भोवतालचा मऊ खडक झिजून गेला, कठीण तेवढा उरला. भूगर्भशास्त्रज्ञ त्यांना डाइक म्हणतात. भाचा फोटो काढत सुटला तशी शेळ्या राखणारा म्हातारा हसला, ‘‘काय देखी ऱ्हायना रे भाऊ? दगडंच शेतस ना!’’

म्हाताऱ्याचं खोटं नव्हतं. मोटारीतून जाताना मलाही ते दगडच दिसत आले होते. बैलगाडीच्या चालीने मात्र एखादी भिंत बराच वेळ सोबत करायची. व्हॅन वेगाने बैलगाडीची बरोबरी करणार नाही. पण थांबली, चहा उकळला, मुक्काम पडला की तो निवांतपणा परत मिळतो.

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. व्हॅनला काय लागतं? सपाट जागा, पाणी, सावली, संडास आणि रात्री एखादा राखणदार. पहिल्या तीन गोष्टी बैलांसाठी आमचे आजोबाही शोधत. खानदेशात यात्रांची मैदानं गावोगावी आहेत आणि वर्षातले बहुतेक दिवस ती मोकळीच असतात. तिथे उरलेल्या दोन सोयी करून दिल्या, तर नदी आणि माळ एकाच मुक्कामात दाखवायला नवं काही बांधावं लागणार नाही.