शिफारसपत्र

अध्यापनाच्या नोकरीत आम्ही पुष्कळ शिफारसपत्रे लिहिली. बी.एड.साठी, ग्रंथालयशास्त्रासाठी, बँकेतल्या नोकरीसाठी. त्यांचा मजकूर ठरलेला असतो: विद्यार्थी होतकरू आहे, वर्तन उत्तम आहे, पुढील वाटचालीस शुभेच्छा. 2024च्या जूनमध्ये मिठबावच्या आमच्या घरी, पडवीत बसून एका माजी विद्यार्थिनीने मागितलेले पत्र मात्र या साच्यात बसेना. मुलगी मराठी घेऊन नुकतीच बी.ए. झालेली. म्हणाली, "सर, मला जनावरांची डॉक्टर व्हायचंय. ठरवायला उशीर झाला, म्हणून अर्ज जरा भक्कम करायला हवा. तुम्ही पत्र द्याल का?"

त्या उशिरात आमचाही वाटा होता. 2021 साली ती विज्ञान शाखेतून बारावी झाली. त्या वर्षी करोनामुळे बोर्डाची लेखी परीक्षा झालीच नाही. गुण अंतर्गत मूल्यमापनावर मिळाले. रेंज शोधत, फोनच्या पडद्यावर पदार्थविज्ञान शिकलेल्या मुलीचा त्या गुणांवर स्वतःचाच विश्वास नव्हता. त्याच सुमारास तिचा एक निबंध आमच्या हाती आला. सड्यावर चरायला गेलेली गाय तिन्हीसांजेला परतत नाही आणि घरातली माणसे बॅटरी घेऊन शोधायला निघतात, एवढाच विषय. आम्ही हरखलो, नि तिच्या वडिलांना म्हणालो, "हिला मराठीच घेऊ द्या." मराठीच्या वर्गाला विद्यार्थी कमी पडत होते, ही गोष्ट आम्ही त्यांना सांगितली नाही.

2022च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात लम्पीची साथ पसरली. जनावरांच्या अंगावर गाठी, ताप, सुजलेले पाय, तोंडातून लाळ. माश्या, डास, गोचिडे यांच्यामार्फत पसरणारा हा विषाणू; त्यावर शेळ्यांच्या देवीची लस गाईबैलांना टोचली जात होती. आमच्या विद्यार्थिनीच्या घरची पाडी त्या साथीत गेली. लसीकरणाला आलेल्या डॉक्टरांबरोबर ती गोठ्यागोठ्यांतून हिंडली. जनावर धरणे, नोंद लिहिणे, घाबरलेल्या म्हाताऱ्यांना समजावणे ही कामे तिने केली. पुढे वर्गात ती ग्रामीण कादंबरीवर टिपणे काढत होती, पण मन कुठे होते ते आता आमच्या लक्षात येते. तेव्हा आले नाही.

असो. पत्र लिहायचे म्हणून आम्ही नमुने शोधू लागलो, आणि सापडले ते सारे अमेरिकेचे. तिकडे पदवीनंतर चार वर्षांचे पशुवैद्यकाचे शिक्षण. त्यासाठीच्या अर्जात निबंध असतो, शिफारसपत्रे असतात आणि अनुभवाचे तास मोजून लिहायचे असतात. त्यातही भेद आहे. पशुवैद्याच्या देखरेखीखाली घालवलेले तास वेगळे. घरच्या गोठ्यात, शेतावर जनावरांसोबत घालवलेले तास वेगळे. उशिरा ठरवणाऱ्याला तिथला सल्ला साधारण असा: राहिलेले रसायन-जीवशास्त्राचे विषय पुरे करा, डॉक्टरांच्या मागे हिंडा, आणि 'उशिरा का?' याचे खरे उत्तर निबंधात द्या. वाचून आम्हांला उमेद आली. आमच्या मुलीजवळ हे सगळे होते! निबंध तर तिच्याइतका चांगला कोण लिहिणार? आम्ही दोन पाने भरून पत्र लिहिले.

मग इकडची माहिती काढली. आपल्याकडे पशुवैद्यक पदवीचा प्रवेश नीटच्या गुणांवर होतो. एकूण 720 गुण, त्यांतले निम्मे जीवशास्त्राचे. बारावीला पदार्थविज्ञान, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवे. मग गुणवत्ता यादी, आणि यादीप्रमाणे परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर अशा महाविद्यालयांतली जागा. साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम, त्यात एक वर्षाची आंतरवासिता. शिफारसपत्राला जागा नाही, निबंधाला नाही, गोठ्यातल्या तासांना नाही. परळचे महाविद्यालय 1886 सालचे, देशातल्या जुन्यांपैकी एक. तिथे आमचे पत्र कुणी वाचणार नव्हते.

पहिल्यांदा आम्हांला राग आला. जनावराच्या अंगावर हात ठेवल्यावर ते शांत होते की बिथरते, हे चार पर्यायांच्या प्रश्नांतून कसे कळणार? पण थोडा विचार केल्यावर रागाची धार बोथट झाली. शिफारसपत्र म्हणजे अखेर ओळख. मिठबावच्या मुलीला पत्र देणार कोण? एक मराठीचा मास्तर. मुंबईच्या मुलीला देतील त्यांची नावे भारदस्त असतील. उत्तरपत्रिकेला ओळख नसते, आणि नीटची प्रश्नपत्रिका मराठीतूनही मिळते. उलट शिकवणीचे वर्ग लाखांनी पैसे घेतात आणि ते देवगड तालुक्यातल्या वाडीवर येत नाहीत, हेही खरेच. कुठली रीत अधिक न्याय्य, याचा निवाडा आम्हांला करता आलेला नाही.

गावच्या डॉक्टरांना आम्ही हे बोलून दाखवले. ते म्हणाले, "तिला माझ्याबरोबर येऊ द्या. अर्जाला उपयोग नाही. पण अडलेली गाय रात्री दोन वाजता पाहिल्यावरही हिला हेच करायचं असेल, तर एक वर्ष पुस्तकात डोकं घालायला बळ येईल." दोनतीन महिने ती सकाळी त्यांच्याबरोबर गेली. मग तेही बंद करून अभ्यासाला बसली. तिची आई आम्हांला रस्त्यात म्हणाली, "मास्तर, बी.ए. झाला नि आता परत बारावीचीच पुस्तका?" आमच्याजवळ उत्तर नव्हते.

मुलीला धीर यावा म्हणून आम्ही तिला जेम्स हेरियटची गोष्ट सांगितली. खरे नाव आल्फ वाइट. 1939 साली ग्लासगोहून पशुवैद्य झाला आणि पहिले पुस्तक 1970 साली, पन्नाशी उलटल्यावर आले. "म्हणजे उशीर चालतो," आम्ही म्हणालो. ती हसली. "सर, त्यांना लिहायला उशीर झाला. डॉक्टर ते वेळेवर झाले होते." आणि मग हळूच, "तुम्हांला अजून वाटतं मी शेवटी लिहीनच." खरे होते ते. तिच्या नव्या वाटेवरही आम्ही आमचीच पाटी लावू पाहत होतो.

2025च्या मे महिन्यात तिने परीक्षा दिली. जीवशास्त्र बरे गेले, पदार्थविज्ञानाने अडवले; गुण यादीपर्यंत पोचले नाहीत. त्या संध्याकाळी ती समुद्रावर गेली, गजबादेवीच्या बाजूला बराच वेळ बसून राहिली, आणि दुसऱ्या दिवशी जुन्या प्रश्नपत्रिका घेऊन आमच्या पडवीत आली. पदार्थविज्ञानासाठी शाळेतल्या एका निवृत्त शिक्षकांना आम्ही गाठून दिले. आमची शिफारस कामी आली ती एवढीच, आणि तीही तोंडी.

दोन पानांचे ते पत्र खणात आहे. तिला दाखवलेले नाही. त्यात 'होतकरू' हा शब्द नाही. त्या हरवलेल्या गाईच्या निबंधाविषयी आहे, आणि मराठीच्या वर्गात विद्यार्थी कमी होते याविषयीही. तेवढे तिला सांगायचे राहिले आहे. सध्या संध्याकाळी आम्ही जीवशास्त्राचे पुस्तक उघडून प्रश्न विचारतो आणि ती उत्तरे देते. काल संप्रेरकांचे प्रकरण होते. एका नावाचा उच्चार आम्ही दोनदा चुकलो. तिने तो सुधारला, आणि म्हणाली, "पुढचा विचारा, सर."