मोडणं वेगळं, नासवणं वेगळं

दिवाळीआधी घर झाडायला काढलं की माळ्यावरचे डबे खाली येतात. सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्याच्या जुन्या घरात येतात, तसेच करमाळा सोडून पुण्यात जाऊन राहिलेल्यांच्या फ्लॅटमध्येही येतात. त्यातला एखादा बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडला की आत लहानपणचे प्लॅस्टिकचे ठोकळे निघतात. लाल, निळे, एके काळी पांढरे असलेले आणि आता पिवळट पडलेले. एका पातळ पट्टीच्या कडेला दातांचे वण असतात. एका ठोकळ्याचा कोपरा उदबत्तीने डागलेला असतो. दोन ठोकळे कुणीतरी फेव्हिक्विक लावून कायमचे जखडून टाकलेले असतात. ते हातात घेतल्यावर चाळिशीतल्या माणसालाही चुटपुट लागते, की आपण यांचे फार हाल केले. पुष्कळांना ही चुटपुट पोरकट वाटते आणि ते डबा झाकण लावून बाजूला सारतात. मला ती पोरकट वाटत नाही. तिच्यात एक खरी समज आहे. मात्र माणूस स्वतःला ज्या गोष्टीबद्दल दोष देतो ती बहुधा दोषाची नसते, आणि जी खरी दोषाची असते ती त्याच्या ध्यानातच येत नाही.

आपल्या भाषेने या बाबतीत फार पूर्वी विचार करून ठेवला आहे. 'मोड' हा शब्द घ्या. खेळणं मोडतं, घर मोडतं, लग्न मोडतं, तसे मटकीलाही मोड येतात आणि शंभराच्या नोटेचीही मोड मिळते. शब्दांची कुळं वेगवेगळी असतील, पण बोलणाऱ्याच्या तोंडी ते एकाच घरात नांदतात. मोडण्यात नुकसान आहे तसंच उगवणंही आहे, एका मोठ्या वस्तूचे हाताळता येतील असे तुकडे होणंही आहे. नासण्याला हा दुसरा अर्थ नाही. नासलेल्या दुधाचं पुन्हा दूध होत नाही. ठोकळ्यांबद्दलची सगळी हळहळ या दोन क्रियापदांत वाटून घ्यावी, एवढंच माझं म्हणणं आहे. रचलेला मनोरा लाथेनं उडवला, भावाने बांधलेलं घर रागाने विस्कटलं, सगळा डबा जमिनीवर ओतला, हे सगळं मोडणं झालं. भावाचं मन दुखावलं असेल, तर त्याची माफी भावाकडे मागायची. ठोकळ्याचं त्यात काही बिघडलं नाही, कारण तो मोडण्यासाठीच घडवलेला आहे. दात, उदबत्ती आणि गोंद यांची गोष्ट निराळी.

मुलांना हा भेद कळतो याचा पुरावा दर दिवाळीला अंगणात असतो. करमाळ्याला तर खराखुरा भुईकोट आहे. रावरंभा निंबाळकरांनी तो बांधायला घेतला आणि त्यांचा मुलगा जानोजी याने पुरा केला. १८८४ च्या सोलापूर गॅझेटिअरने त्याला दख्खनमधल्या सर्वांत मोठ्या किल्ल्यांत गणलं आणि आत सुमारे शंभर घरं असल्याची नोंद केली. ज्या गावात माणसं किल्ल्याच्या पोटात राहत आली, तिथलं पोरही दिवाळीत दगड, विटांचे तुकडे, पोतं आणि चिखल घेऊन आपला किल्ला करतं, त्यावर हळीव पेरतं आणि शिखरावर महाराजांना बसवतं. सण सरला की तोच किल्ला पाडला जातो, कधी सुतळी बॉम्ब लावून उडवलाही जातो. पण पाडण्याआधी काय होतं ते पाहा. मातीचे मावळे, महाराज, तोफा आणि बुरुजावरचा भगवा एकेक करून काढून घेतला जातो आणि पुढच्या वर्षासाठी डब्यात जातो. मोठेपणी कुणालाही पाडलेल्या किल्ल्याबद्दल पश्चात्ताप होत नाही, कारण माती मातीत गेली आणि पुढच्या आश्विनात ती पुन्हा किल्ला होणार. मावळ्याचा हात तुटला तर मात्र वाईट वाटतं. कुठली गोष्ट परत येते आणि कुठली येत नाही, हे आठ वर्षांच्या मुलाला कुणी शिकवावं लागत नाही.

आता प्लॅस्टिकच्या ठोकळ्याकडे जरा जवळून पाहू. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावचे सुतार ओले किर्क क्रिस्टियानसेन यांनी १९३२ पासून लाकडी खेळणी केली, १९४९ मध्ये त्यांच्या लेगो कारखान्यातून प्लॅस्टिकचे ठोकळे निघाले, आणि २८ जानेवारी १९५८ रोजी त्यांचे चिरंजीव गॉटफ्रेड यांनी आजच्या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. वर गोल खुंट्या होत्याच, नवं काय ते ठोकळ्याच्या पोटात होतं. तिथे पोकळ नळ्या बसवल्या, त्यामुळे खालच्या ठोकळ्याची खुंटी नळी आणि भिंत यांच्यामध्ये दाबून बसू लागली. पकड घट्ट, पण लहान मुलाला सोडवता येईल एवढीच घट्ट. हे माप मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत सांभाळावं लागतं. म्हणजे ठोकळ्याचा प्राण त्याच्या रंगात किंवा आकारात नसून त्या सांध्यात आहे. दाताने कड दबली, उदबत्तीने खुंटी वितळली की प्लॅस्टिक शिल्लक राहतं आणि ठोकळा जातो. किती जातं याचा हिशेबही झालेला आहे. एकाच रंगाचे, आठ खुंट्यांचे सहा ठोकळे एकमेकांत गुंफण्याचे ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ प्रकार निघतात. पाच ठोकळ्यांचे मात्र सुमारे एक कोटीच. एक ठोकळा निकामी झाला की उरलेले पाच तसेच राहतात, पण घडू शकली असती अशी नव्वद कोटी रूपं त्याच्याबरोबर नाहीशी होतात. डबा उघडल्यावर जे टोचतं ते हेच असावं. आकडा ठाऊक नसतो, पण हाताला तोटा कळतो.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. लेकरू ते, त्याला काय कळत होतं? आणि निर्जीव प्लॅस्टिकबद्दल कसली खंत? निर्जीवपणाचा मुद्दा आपल्या मातीत फारसा टिकत नाही. आपण दसऱ्याला आऊतं-हत्यारं पुजतो, पुस्तकाला पाय लागला की हात कपाळाला नेतो. वस्तूला दुखतं अशी समजूत त्यामागे नसते, तिने दिलेल्या कामाची जाण असते. कळण्याचा मुद्दा मात्र गंभीर आहे आणि तो मी अर्धा मान्य करतो. ते दातांचे वण नीट पाहा. बहुतेक वेळा ते जाड ठोकळ्यावर नसतात, दोन पातळ पट्ट्या एकमेकींवर बसल्या असतील तिथे असतात. मुलाची नखं कोवळी, पट्टी निसटेना, जवळ मोठं माणूस नाही, तेव्हा त्याने दात लावले. त्याला त्या पट्ट्या सोडवायच्या होत्या, म्हणजे पुन्हा वापरायच्या होत्या. तो वण क्रौर्याचा नाही, मदत न मिळाल्याचा आहे. कंपनीनेही पुढे ठोकळे उचकटायचं एक छोटं अवजार काढलं, त्यावरून ही अडचण जगभरातल्या मुलांची होती हे उघड आहे. स्वतःला दोष देणाऱ्यांनी एवढ्यापुरतं स्वतःला मोकळं करावं.

उरलेल्या अर्ध्याचा हिशेब मोठ्यांकडे वळतो. खेळ संपल्यावर केरसुणीने ठोकळे केराबरोबर कोण लोटतं? 'आता मोठा झालास' म्हणून डबा भंगारवाल्याच्या पोत्यात कोण रिकामा करतं? गच्चीवर मे महिन्याच्या उन्हात कोण विसरतं? हे ठोकळे चाळीस अंशांपेक्षा गरम पाण्यात धुऊ नयेत असं सांगितलेलं असतं, आणि करमाळ्याच्या उन्हाळ्यात हवाच तेवढी तापते. त्यात उन्हातले अतिनील किरण प्लॅस्टिक पिवळं आणि ठिसूळ करतात. गोंदाची बाटली तर बहुधा मोठ्यांच्याच हातून येते. मुलाने फार सुंदर काही केलं, ते मोडू नये, पाहुण्यांना दाखवावं, म्हणून शोकेससाठी चिकटवलं जातं. २०१४ च्या 'द लेगो मूव्ही' या चित्रपटाचा सगळा पेच बापाच्या हातातल्या अशा गोंदाभोवतीच फिरतो. मला हे सर्वांत मोठं नासवणं वाटतं. दाताच्या वणाचा ठोकळा कदाचित अजून बसेल. चिकटवलेला ठोकळा शाबूत दिसतो आणि कायमचा एकाच रूपात अडकतो.

फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी १८३७ च्या सुमारास जर्मनीत बालोद्यानाची सुरुवात केली. मुलांना देण्याच्या त्यांच्या साहित्यात आठ लहान घनांचा मिळून एक मोठा घन होता. पेटी उलटी करून घन अखंड बाहेर काढायचा, खेळून झाल्यावर पुन्हा अखंड आत ठेवायचा. मधल्या वेळात खुर्चीचा पूल करायचा तर खुर्ची उधळायची नाही, तिचेच घन सरकवत पूल करायचा. मोडण्याचीही एक रीत असू शकते, हे त्यांनी मुलांच्या हाताला शिकवलं. ती रीत पाहिली की मला करमाळा तालुक्यातलीच एक मोठी गोष्ट आठवते. उजनी धरणाचं काम १९६६ मध्ये सुरू होऊन १९८० मध्ये पुरं झालं आणि भीमाकाठची गावं पाण्याखाली गेली. केत्तूर आज नंबर एक आणि नंबर दोन अशा नावांनी ओळखलं जातं. गाव गेलं ते गेलंच, ती जखम खेळण्यांच्या पंक्तीला बसवायची नाही. पण त्या वेळी माणसांनी घरांतून काय नेलं? माळवदं उतरवली, तुळया, खांब, चौकटी, दारं सोडवून नेली आणि नव्या गावठाणात पुन्हा उभी केली. ज्याला सांधा होता ते निघालं. पाणी ओसरलेल्या उन्हाळ्यात गाळातून वर येतात त्या मागे राहिलेल्या भिंती.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. हे सगळं सुखवस्तू घरांचं दुःख आहे, तालुक्यातल्या किती मुलांच्या हाती असले ठोकळे आले? थोड्यांच्या, हे खरं. पण ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, तेव्हा अनुताई वाघ यांच्यासह त्यांनी महागड्या साहित्याऐवजी शंख-शिंपले, बिया, खडे हाती घेतले. चिंचोके मोजायचे, मांडायचे, परत डब्यात भरायचे. शिस्त तीच होती. आणि ज्या अंगणवाडीत ठोकळ्यांची एकच पेटी तीस मुलांत फिरते, तिथे एक ठोकळा निकामी होण्याची किंमत श्रीमंत घरापेक्षा कितीतरी जास्त असते. जिथे वस्तू कमी तिथे सांधा जपण्याची गरज वाढते, म्हणून हा विषय सुखवस्तूंपेक्षा इतरांचाच अधिक आहे.

करमाळ्याच्याच सोलापूर जिल्ह्यात पंढरपूर आहे आणि महाराष्ट्राला सर्वांत जास्त ठाऊक असलेली वीट तिथे आहे. आईवडिलांच्या सेवेत गुंतलेल्या पुंडलिकाने ती हातासरशी भिरकावली अशी कथा सांगतात. भिरकावलेली म्हणून ती हलकी ठरली नाही, कारण ती शाबूत राहिली आणि तिच्यावर विठ्ठलाला उभं राहता आलं.

तेव्हा यंदा डबा खाली आला की भंगाराकडे नेऊ नका. ठोकळे कोमट पाण्यात धुवा, सावलीत वाळवा, घट्ट बसलेल्या पट्ट्या सोडवून ठेवा. बारीक तुकडे तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाती देऊ नका, बाकीचे खेळत्या हातांत जाऊ द्या. १९५८ मध्ये घडवलेला लेगोचा ठोकळा आज बाजारात आलेल्या ठोकळ्यावर अजूनही नीट बसतो.