खोक्यावर 18, अडॅप्टरवर 6

अडॅप्टरवरची अक्षरं मुंगीएवढी होती. बाबांनी भिंग घेतलं आणि वाचलं: 12 व्होल्ट, 0.5 अँपिअर. मग काही न बोलता पेपरच्या कोपऱ्यावर गुणाकार मांडला. उत्तर आलं 6 वॅट. लाइटच्या खोक्यावर मात्र ठसठशीत छापलं होतं, 18 वॅट. दोन वर्षं होत आली, तरी हे आठवलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते.

बाबा नाशिकच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी सिडकोतल्या घरी टँक आणला. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. हिशेबाने 56 लिटर. लहानपणी मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय पाहिल्यापासूनची ही हौस. मासे मोजके, झाडं भरपूर, एवढं ठरलेलं. व्हॅलिस्नेरिया, क्रिप्टोकोरीन आणि लाल पानांची लुडविगिया आली. राहिला लाइट.

दुकानदाराने गुलाबी-निळी पट्टी लावून दाखवली. त्या उजेडात मासे निखाऱ्यासारखे दिसत होते. "सर, 18 वॅट आहे, दोन फुटी टँकला भरपूर झाला. झाडांना हाच कलर लागतो." बाबांनी मान डोलावली, कारण बोलणं खोटं नव्हतं. एंगेलमान नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने 1882 साली लोलकातून फाकलेला उजेड शेवाळाच्या एका धाग्यावर पाडला, तेव्हा प्राणवायूच्या ओढीने जिवाणू गोळा झाले ते तांबड्या आणि निळ्या भागाशीच. हा प्रयोग बाबांनी फळ्यावर कितीदा काढला असेल. रंग बरोबर होता. खोटं होतं ते प्रमाण, आणि ते नुसत्या डोळ्यांना कळत नाही.

पुढचे दोन महिने टँक डोळ्यांदेखत खंगत गेला. व्हॅलिस्नेरियाची पानं काचेसारखी पातळ झाली, क्रिप्टोकोरीन विरघळली, काचेवर आधी तपकिरी थर चढला, मग केसांसारखं शेवाळ. उजेड कमी पडतोय असं वाटून बाबांनी लाइट 10 तासांवरून 14 तासांवर नेला. शेवाळाला तेच हवं होतं. त्याचं थोड्या उजेडावर भागतं, आणि कुजणाऱ्या पानांतून त्याला खतही मिळतं. टँक पश्चिमेच्या खिडकीशी होता, हेही सांगायला हवं. चार वाजताचं नाशिकचं ऊन थेट काचेवर यायचं. म्हणजे सगळा दोष त्या दुकानाचा नव्हता. पण खोक्यावर खोटा आकडा छापणं ही चूक नव्हे, फसवणूकच. शंभर रुपयांच्या घरगुती बल्बवर वॅट, लुमेन सगळं लिहिलेलं असतं. जिवंत झाडांसाठी म्हणून विकलेल्या लाइटवर खरे वॅटही असू नयेत?

दुकानदार म्हणाला, "सर, चायनाचा माल आहे, आम्ही काय करणार?" पैसे परत मिळाले नाहीत.

मग बाबांनी आयुष्यभर मुलांना दाखवलेला प्रयोग स्वतःसाठी मांडला. हायड्रिलाची एक फांदी कापली, खायच्या सोड्याची चिमूट टाकलेल्या पाण्यात परीक्षानळीत उलटी सोडली आणि लाइटखाली फूटभर अंतरावर ठेवली. दहा मिनिटं थांबून कापलेल्या टोकातून सुटणारे बुडबुडे मोजायचे. मी घड्याळ धरलं. गुलाबी पट्टीखाली मिनिटाला 4. मग विजेच्या दुकानातून आणलेली साधी दोन फुटी पांढरी एलईडी ट्यूब: खोक्यावर 10 वॅट, 1000 लुमेन, 6500 केल्विन. तीच फांदी, तेवढंच अंतर. मिनिटाला 15. बाबांनी तीनदा मोजून पाहिलं. तिसऱ्यांदा त्यांचा आवाज कापरा झाला होता.

लुमेन हे खरं तर माणसाच्या डोळ्याचं माप. आपला डोळा 555 नॅनोमीटरच्या हिरवट-पिवळ्या उजेडाला सर्वाधिक जागा असतो, झाडं मात्र 400 ते 700 पर्यंतचा सगळा पट्टा वापरतात. म्हणून जाणकार झाडांच्या उपयोगाचा उजेड वेगळ्या मीटरने मोजतात. पण तो मीटर महाग, आणि छोट्या टँकला त्याची गरजही नाही. पांढऱ्या एलईडीत निळ्या डायोडवर पिवळ्या फॉस्फरचा लेप असतो, त्यामुळे तिच्या उजेडात निळा असतोच, थोडा तांबडाही. नवीन टँक लावणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: अडॅप्टर उलटा करून वाचा, सुरुवातीला सहाच तास लाइट ठेवा, टायमर लावा. घरगुती ट्यूब वापरत असाल तर ती झाकणाच्या काचेवर, वाफ लागणार नाही अशी बसवा. वायर प्लगच्या खाली झोळ देऊन मग वर न्या, नाहीतर वायरीवरून ओघळलेलं पाणी थेट प्लगमध्ये उतरतं.

टँक खिडकीपासून हलवला. शेवाळ हटायला सात-आठ आठवडे लागले. व्हॅलिस्नेरियाने वाळूखालून धुमारे सोडले, आता दर रविवारी पानं छाटावी लागतात. लुडविगिया जगली, पण लाल झाली नाही. तिला याहून जास्त उजेड लागतो, कार्बन डायऑक्साइडही, आणि एप्रिलच्या उकाड्यात बाबांना तो खटाटोप नको वाटतो.

ती गुलाबी पट्टी फेकून द्यावी असं मी कितीदा म्हटलं. आईला मात्र त्या उजेडातले मासे आवडायचे. टायमर रात्री आठला पांढरा लाइट बंद करतो, की बाबा उठून पट्टी लावतात आणि अर्धा तास दोघं टँकसमोर बसतात. मला ते पटत नाही. परवा मीही तिथेच जाऊन बसले.